जानेवारीत सातारला आलेले पाहुणे

शुक्रवार

"कास फुललेलं असताना या, नाहीतर ठोसेघर कोसळत असताना या," असं आम्ही सातारकरच वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय. म्हणून ठाण्याहून मावसभावाचा फोन आला, "या शनिवार-रविवारी येतोय, आईलाही आणतोय," तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ पहिला विचार आला तो हाच, की जानेवारीत यांना दाखवू काय? पठारावर या दिवसांत वाळकं गवत असतं आणि धबधब्याच्या जागी ओला कडा. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी. भाची रेवा अकरा वर्षांची, एका जागी न बसणारी. दादा-वहिनी दोघंही आठवडाभर लोकलला लोंबकळून आलेले.

मी वहीत यादी केली. अजिंक्यतारा, संग्रहालय, लिंबची विहीर, माहुली, सज्जनगड, वाई, मेणवली, पाटेश्वर, यवतेश्वर. नऊ ठिकाणं झाली. नवऱ्याने ती वाचली आणि विचारलं, "ही माणसं झोपणार कधी?" मग वाई-मेणवली खोडलं. ढोल्या गणपती, त्याच्यामागची पुराचं पाणी कापणारी माशाच्या आकाराची भिंत, नाना फडणवीसांचा वाडा, मेणवलीच्या घाटावरची ती थोरली घंटा, हे सगळं तासाभरात उरकायचं म्हणजे त्या जागांवर अन्याय. वाईला स्वतंत्र एक दिवस हवा. पाटेश्वरही खोडलं, कारण तिथली चढण मावशीला झेपली नसती. यादी करताना मी सगळ्यांच्या गुडघ्यांचा, भुकेचा, झोपेचा विचार केला. एक गोष्ट मात्र केली नाही, ती शनिवारी संध्याकाळी कळली.

दुपारी निघालेली मंडळी रात्री साडेनऊला पोचली. पुण्याहून सातारला येताना खंबाटकीचा घाट चढावा लागला, आणि शुक्रवारच्या त्या संध्याकाळी चढावर ट्रकमागे ट्रक लागलेले होते. पोवई नाक्यावर दादा ग्रेड सेपरेटरमध्ये शिरला आणि भलत्याच तोंडाने बाहेर पडला. मी फोनवरून त्याला वळवून आणलं.

जेवायला मी मुद्दाम साधंच केलं होतं: बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा म्हाद्या, कांदा, लोणी. म्हाद्या हा आमच्या भागातला पदार्थ. शेंगदाणे भाजून हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर जाडसर वाटायचे, फोडणीत परतायचे आणि गरम पाणी घालून तेल वर येईपर्यंत रटरटू द्यायचं. लांबून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री चार भाज्या आणि पुऱ्या वाढू नयेत, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं आणि ते मी पाळते. दमलेल्या माणसाला गरम, पातळ, ओळखीचं काहीतरी हवं असतं. रेवाने म्हाद्या बोटाने चाटून बघितला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मुलगा शिकायला बाहेरगावी असल्यामुळे त्याची खोली रिकामीच होती, ती मावशीला आणि रेवाला दिली. गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या. थंडी चांगली होती, म्हणून दोन-दोन गोधड्या दिल्या.

शनिवार

सातारा समजायचा असेल तर पहिल्या सकाळी अजिंक्यतारा. हे मी पाहुण्यांना ऐच्छिक ठेवत नाही. गाव गडाच्या कुशीत आहे आणि वरून ते अख्खं हातावर घेतल्यासारखं दिसतं. पहाटे सहाला, अंधारातच, दादा, रेवा आणि मी चालत निघालो. नवरा मावशीला आणि वहिनीला घेऊन तासाभराने गाडीने येणार होता, कारण रस्ता जवळजवळ दरवाजापर्यंत जातो. गावातली शेकडो माणसं रोज सकाळी हा गड चढतात. कुणी कानटोपी घातलेले आजोबा, कुणी पोलीस भरतीच्या तयारीची पोरं, कुणी तीन-तीन मैत्रिणींचा घोळका. येणारे-जाणारे एकमेकांना "रामराम" करतात. तीन वळणांनंतर रेवानेही सगळ्यांना रामराम घालायला सुरुवात केली.

वाटेत चार भिंतींचं स्मारक लागतं, 1857 च्या वीरांची आठवण म्हणून जपलेलं. तिथे थांबून पाणी प्यायलो. गावाचे दिवे अजून जळत होते. संध्याकाळी इथे तरुण मंडळींची गर्दी असते, पहाटे मात्र नुसता वारा असतो.

वरच्या दरवाजाशी पोचलो तेव्हा जरंडेश्वराच्या डोंगरामागून सूर्य वर येत होता. गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. पण मला रेवाला सांगायची होती ती 1700 सालची गोष्ट. औरंगजेब स्वतः खाली करंज्याला तळ देऊन बसला होता आणि वर प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. चारेक महिने वेढा चालला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तेव्हा आतली माणसं दरडीखाली गाडली गेली. त्यात प्रयागजीही होते, ते जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटला आणि तट बाहेरच्या अंगाला, चढाईला सज्ज असलेल्या मोगलांवरच कोसळला. तरीही मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेल्याची बातमी आली आणि एप्रिलमध्ये गड द्यावा लागला. औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला आणि नाव झालं अजिंक्यतारा. आणि 12 जानेवारी 1708 ला इथेच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, मग गडाखाली हे गाव वसत गेलं.

"म्हणजे आपण बरोबर त्याच महिन्यात आलोय," रेवा म्हणाली. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मंगळाईच्या देवळाकडून तटाच्या कडेला गेलो. मी तिला एकेक डोंगर दाखवला: समोर यवतेश्वरचं पठार, नैर्ऋत्येला सज्जनगडाचा सपाट माथा, उत्तरेला लांब चंदन-वंदनची जोडी. तोवर मावशी आली. शाल गुंडाळून ती तटाच्या दगडावर बसली आणि खाली गावाकडे बोट दाखवून दोनदा विचारलं, "पोवई नाका कुठला गं? आणि कॉलेज कुठल्या बाजूला?" मी बोट दाखवलं आणि पुढच्या डोंगराकडे वळले. तेव्हाच थांबायला हवं होतं मी.

उतरून पोहे-चहा झाला आणि दहाच्या सुमारास पायीच गावात निघालो. सातारा गाडीतून बघू नये. राजवाड्यापासून राजपथाने पोवई नाक्यापर्यंत नुसतं चालत गेलं तरी गाव कळतं. पेठांच्या नावांनी रेवाची करमणूक झाली. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ वाचत ती आठवडा पुरा करत होती, मध्येच यादोगोपाळ पेठ आली तेव्हा अडली.

राजवाड्यापाशी मी तिला थांबवलं. प्रतापसिंह महाराजांच्या काळातला हा वाडा. त्याच्या लाकडी खांबांपेक्षा मला इथे एक तारीख महत्त्वाची वाटते. 7 नोव्हेंबर 1900. त्या दिवशी सुभेदार रामजी आंबेडकरांचा मुलगा भिवा इथल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तेव्हा ती शाळा राजवाड्यातच भरायची. पुढे तिला प्रतापसिंहांचं नाव मिळालं. शाळेच्या नोंदवहीत 1914 या क्रमांकापुढे त्याची नोंद आहे. 2017 पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. रेवाच्या शाळेतही भाषणं झाली होती, पण ती जागा ही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती नऊ-दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होती. "त्याला वर्गात वेगळं बसवायचे ना?" तिने विचारलं. हो म्हटलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मीही तिच्या शांततेत भर घातली नाही. मुलांना अशा जागी जरा उभं राहू द्यावं.

संग्रहालयात तासभर गेलो. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथे आली होती. तेव्हा लागलेल्या रांगांची आठवण मी दादाला सांगितली. आता ती इथे नाहीत, हे ऐकून रेवा हिरमुसली, पण तलवारींच्या मुठी बघण्यात रमली. मावशी आणि वहिनी बाकावर बसून होत्या. तासाभराने बाहेर पडलो ते बरं झालं. संग्रहालयात माणूस पायांनी नाही, डोळ्यांनी दमतो.

दुपारी घेवड्याची आमटी आणि भात. हा आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमटी दाट होते आणि दाणा शिजून मेणासारखा मऊ पडतो. जेवून सगळे तीन वाजेपर्यंत झोपले. पाहुण्यांच्या दुपारच्या झोपेत मी काहीही आड येऊ देत नाही. शहरातली माणसं खरं तर झोपायलाच येतात आणि तसं म्हणायला लाजतात.

साडेतीनला लिंबकडे निघालो. महामार्गाने उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटर, मग लिंब फाट्यावरून आत. उसाची तोड चालू होती. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर उसाचे डोंगर, आणि हवेत कापलेल्या पाल्याचा गोडसर वास. वाटेत एका शेतकऱ्याने रेवाला कांडं सोलून दिलं.

बारा मोटांची विहीर पहिल्यांदा बघणारा माणूस फसतो, कारण जवळ जाईपर्यंत काही दिसतच नाही. आंब्याची झाडं, सपाट जमीन, आणि एकाएकी पायाखाली तोंड उघडलेलं. वरून बघितलं तर आकार शिवलिंगासारखा: अष्टकोनी मोठी विहीर आणि तिला जोडलेली चौकोनी. खोली एकशेदहा फूट, व्यास पन्नास फूट सांगतात. रुंद पायऱ्यांनी आपण जमिनीच्या पोटात उतरतो, तर समोर चक्क दरवाजा. आत दोन विहिरींच्या मधोमध बांधलेला छोटा महाल, कोरीव खांब, भिंतींवर हत्ती, सिंह, फुलं. शिलालेखात शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 असा काळ आहे. शाहू महाराजांच्या परिवारातल्या वीरूबाई भोसले यांनी हे काम करवून घेतलं, इथल्या आमराईला पाणी मिळावं म्हणून.

रेवाला मोट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दादालाही फक्त शब्द माहीत. मावशी वरच्या कठड्यावर बसली आणि तिने दोघांना मोट शिकवली. चामड्याची मोठी पिशवी, तिला सोंड, दोन दोर, बैलांची जोडी उताराने खाली चालत गेली की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाला लागतं, आणि बैल पाठमोरेच मागे सरत वर येतात. "आमच्या गावी एका मोटेला दिवसभर दोन माणसं लागायची," ती म्हणाली, "इथे बारा! बैलच चोवीस. आवाज काय होत असेल!" रेवा महालात उभी राहून त्या आवाजाची कल्पना करत होती. वर मोटांचा करकराट आणि खाली हा गारवा, हे दोन्ही एका जागी आणणाऱ्या बाईंची दृष्टी काय असेल, याचं मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटतं. राजघराण्यातल्या कुणी महाल बांधला तर तो डोंगरावर बांधेल. वीरूबाईंनी तो पाण्यावर बांधला आणि पाणी झाडांना दिलं. एक सांगते: लहान मूल बरोबर असेल तर वरच्या काठावर त्याचा हात सोडू नका.

ऊन कलताना माहुलीला पोचलो. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरातून निघतात, वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि इथे पुन्हा भेटतात. पाणी कमी होतं, पात्रातले काळे खडक उघडे पडले होते. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 मध्ये बांधलं. पलीकडच्या काठावर क्षेत्र माहुली, रामेश्वराचं देऊळ आणि रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष रघुनाथरावांच्या तोंडावर सांगणारे ते रामशास्त्री. शाहू महाराजांची समाधी इथेच आहे. त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. रेवा त्या कुत्र्याच्या समाधीपाशी सगळ्यात जास्त वेळ बसली.

मी आणि मावशी घाटाच्या पायरीवर होतो. तिने पायाचे मोजे काढून पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "तुझे काका इथे पोहायला यायचे. होस्टेलची पोरं मिळून."

काका साताऱ्यात शिकले एवढं मला ठाऊक होतं. पण ते रयत शिक्षण संस्थेत होते, 'कमवा आणि शिका'मधून शिकले, हे मला माहीत नव्हतं. काका माण तालुक्यातले, कोरडवाहू घरचे. बासष्ट-त्रेसष्ट साली छत्रपती शिवाजी कॉलेजात आले. सकाळी दोन तास खोरं-टिकाव, मग वर्ग. काका जाऊन दोन वर्षं झाली. लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत ते मावशीला दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचे, एकदा तुला माझं कॉलेज दाखवायचंय. राहून गेलं.

"मग सकाळी गडावरून तू..." मी म्हटलं.

"हो, तेच शोधत होते."

मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला काय बघायचंय. वहीत नऊ नावं लिहिली, तीन खोडली, ऊन-सावली, चढ-उतार सगळं जुळवलं, आणि जिच्यासाठी हा प्रवास ठरला तिलाच विचारायचं राहिलं. दादालाही कल्पना नव्हती. तिने त्याला फक्त "एकदा सातारला जाऊन येऊ" असं म्हटलं होतं. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. मी तिथेच घाटावर सांगितलं, यवतेश्वर राहू दे, उद्याची सकाळ कॉलेजची.

रात्री राजवाड्याच्या चौपाटीवर गेलो. गांधी मैदानात खाण्याच्या गाड्या, थंडीत तव्यांची वाफ. भेळ, पावभाजी, आणि रेवाच्या हट्टाने थंडीतही गोळा. मग कंदी पेढे. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजतात, साखर कमी घालतात, म्हणून त्याला तो खरपूस वास येतो आणि तो टिकतोही. मी पाहुण्यांना पहिला पेढा गरम असेल तिथे उभ्याने खायला लावते, डबा मग बांधून घ्यायचा. डब्यातला पेढाही चांगलाच, पण कढईजवळचा वेगळा.

रविवार

आठ वाजता आम्ही निघालो. आधी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी गेलो. वडाची झाडं, झाडलेलं अंगण, पक्ष्यांचे आवाज. वड हे रयत संस्थेचं बोधचिन्हच आहे. भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कऱ्हाडजवळच्या काले गावात संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. इथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. आज हे वाक्य सहज लिहून होतं, त्या काळात त्यासाठी काय सोसावं लागलं असेल! 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही विकलं. मावशीला ही गोष्ट आमच्यापेक्षा जास्त तपशिलात माहीत होती, काकांकडून ऐकलेली. ती रेवाला सांगत होती आणि आम्ही मागे उभे राहून ऐकत होतो.

मग कॉलेज. 1947 साली सुरू झालेलं. रविवार असल्यामुळे आवार रिकामं होतं. दारावरच्या रखवालदारांना आम्ही कारण सांगितलं तर त्यांनी मावशीसाठी खुर्ची आणली आणि म्हणाले, "आजी, सावकाश बघा." मावशी खुर्चीत बसली नाही. ती चालत राहिली. तिच्याजवळ पत्ता नव्हता, खोलीचा क्रमांक नव्हता. काकांच्या बोलण्यातल्या चार-दोन खुणा तेवढ्या होत्या. दगडी भिंत, एक मोठं झाड, सकाळी काम सुरू व्हायचं ती घंटा. यातलं नेमकं काय आज शिल्लक आहे हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. एका दगडी बांधकामापाशी तिने भिंतीला हात लावला आणि दादाला म्हणाली, "यातले काही दगड बाबांनी वाहिलेले असतील." दादा मोठ्या कंपनीत काम करणारा माणूस. त्याने काही न बोलता त्याच दगडावर हात ठेवला. पुढे त्याने मला सांगितलं, की बाबा घरी कुणाला काम सांगायचे नाहीत, स्वतःचं ताट स्वतः घासायचे, आणि त्यामागे काय होतं हे आपण कधी विचारलंच नाही.

आम्ही तिथे दीड तास होतो. माझ्या यादीत ही जागा नव्हती आणि या दोन दिवसांतला सगळ्यात भरलेला वेळ तोच.

मग सज्जनगड. मावशीला मी म्हटलं, तू घरी थांब, पायऱ्या आहेत. ती म्हणाली, "तुझे काका आणि ती होस्टेलची पोरं बोगद्यातून चालत जायची गडावर, प्रसादाला. मी गाडीने तरी जाईन की." गावातून सज्जनगडाकडे जाताना डोंगरातून काढलेला जुना बोगदा लागतो. तो पार केला की शहर एकदम मागे पडतं आणि परळीचं खोरं सुरू होतं. पंधरा किलोमीटर चालून जेवायला जाणारी आणि परत येणारी वीस-बावीस वर्षांची पोरं त्या रस्त्यावर मला दिसायला लागली.

गाडी वरपर्यंत जाते, तरी शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. मावशी दहा पायऱ्या चढायची आणि थांबायची. रेवा तिच्याबरोबर थांबायची आणि पुढचा टप्पा ठरवायची: "आज्जी, त्या दिव्याच्या खांबापर्यंत." पाऊण तास लागला. अशा वेळी बरोबरच्यांनी पुढे जाऊन वरून हाका मारू नयेत, म्हणून आम्ही सगळे तिच्या मागेच राहिलो.

परळीचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये घेतला. समर्थ 1676 पासून इथे राहिले आणि 1682 मध्ये इथेच त्यांचं निर्वाण झालं. वर रामाचं देऊळ, तंजावरहून आलेल्या मूर्ती, आणि खाली तळघरात समाधी. शेजघरात समर्थांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत: कुबडी, पलंग, आणि कल्याणस्वामी पाणी आणायचे ते तांब्याचे प्रचंड हंडे. रेवाने पाणी कुठून आणायचे विचारलं, मी कड्याखाली दूरवर उरमोडीचं खोरं दाखवलं. तिने हंडा बघितला, खाली बघितलं, पुन्हा हंडा बघितला.

दुपारच्या पंगतीला बसलो. "जय जय रघुवीर समर्थ" झालं आणि पानात वरण-भात, गव्हाची खीर आली. मावशीने खीर दोनदा घेतली. जेवून धाब्याच्या मारुतीपर्यंत गेलो. गडाचं ते टोक मला फार प्रिय आहे. वारा इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही, आणि खाली धरणाचं पाणी निळं, निश्चल. वहिनी तिथे अर्धा तास डोळे मिटून बसली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच कुणाच्या डब्याची, औषधाची, स्वेटरची चौकशी न करता बसलेली मी पाहिली. दादा तिला उठवायला निघाला तेव्हा मी त्याला अडवलं.

साडेतीनला ते निघाले. रविवारी संध्याकाळी उशीर केला तर पुण्याच्या अलीकडेच अडकायला होतं, म्हणून मीच घाई केली. जाताना खंबाटकीला बोगदा आहे, तेवढा घाट वाचतो. गाडीत दोन किलो पेढे, उसाची चार कांडी, थोडं ताजं आलं आणि किलोभर वाघ्या घेवडा. रेवाने माझ्या वहीतलं यादीचं पान फाडून मागून घेतलं. खोडलेल्या चार नावांभोवती तिने पेनाने गोल केला आणि पाचवं नाव लिहिलं: कास.

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. पोचलो म्हणाली, गुडघे ठणकतायत पण ठीक आहे. मग म्हणाली, "उद्या तुझ्या घेवड्याची आमटी करते. किती वेळ भिजवायचा गं?"

"आत्ताच टाक," मी म्हटलं, "रात्रभर लागतो."